धर्माध्यक्ष युफ्रोनियसाला मिळालेला शाप

कलियुगाची तीन सहस्रांहून अधिक वर्षे सरली होती आणि रोमक सम्राटांच्या प्रतापापुढे पश्चिम समुद्राचे सारे तट नतमस्तक झाले होते, त्या काळी थेलासा नगरीत युफ्रोनियस नामक पुरुष ख्रिस्तभक्तांचा धर्माध्यक्ष होता. मेघगंभीर वाणी, छातीवर रुळणारी शुभ्र दाढी! हुतात्म्यांच्या मरणाचे माहात्म्य त्याच्याइतके रसाळ कोणी वर्णिले नसेल. अर्थात, दुसऱ्यांच्या मरणाचे.

पुढे राजाज्ञा सुटली : ख्रिस्तभक्तांनी सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळावा, नाकारील त्याने आमरण खाणीत खडक फोडावेत. शिपाई दारी येण्यापूर्वीच हा वाक्सिंह पालखीतून देवळात हजर! त्याने धूप जाळला, धर्मग्रंथ आपण होऊन अग्नीत टाकले आणि वर "आणखी काही सेवा?" असे विचारले. दंडाधिकाऱ्यालाही हसू आवरेना.

त्याच्यामागोमाग नोना नावाची, मासळीची जाळी विणणारी विधवा उभी करण्यात आली.

"चिमूटभर धूप टाक आणि घरी जा," दंडाधिकारी म्हणाला.

"महाराज, देवाच्या जागी मी माणसाला बसवणार नाही."

तिचा उजवा डोळा काढला, डावा पाय अधू केला आणि तिला खाणीत धाडले. युफ्रोनियस तेव्हा पालखीचा पडदा ओढून घेत होता.

कालचक्र फिरले. नव्या सम्राटाने छळ थांबवला, बंदिवान परतले. इतकी वर्षे मळ्यात अंजिरे चाखत बसलेला युफ्रोनियसही रेशमी वस्त्रे लेवून पुन्हा आसनावर चढला. एका रविवारी उपासनेची सभा भरली असता काठी टेकत नोना आत आली. हिने एकदा मस्तक लववले की सारा कलंक धुऊन निघेल, असे त्या धूर्ताने ताडले.

"ये, कन्ये! तुझ्या यातना मीही अंतःकरणात भोगल्या. गुडघे टेक, आशीर्वाद घे."

"यातना? अंजिरे खाऊन पोट दुखले असेल."

"क्षमा हा आपला धर्म आहे, विसरलीस?"

"क्षमा पहिला खडक फोडतानाच केली. पण क्षमा वेगळी, भरवसा वेगळा. दीर्घायुषी हो, युफ्रोनियसा! हे आसन, ही वस्त्रे तुला लखलाभ. पण तुझ्या हातचा आशीर्वाद कधी कोणी मागू नये!"

तो मोठ्याने हसला. इतक्यात तान्हे मूल घेऊन पुढे आलेली एक माता थबकली, पदर सावरून मागे वळली. तिच्यामागे सारी सभा निघाली.

नव्वदी उलटेपर्यंत तो जगला. दर रविवारी रिकाम्या फरशीवर हात उंचावून आशीर्वाद उधळी. नगरजन मात्र खाणीतून परतलेल्या एका वृद्ध पुरोहिताकडे नदीकाठी जात. मरणसमयी युफ्रोनियसाने सेवकाच्या मस्तकावर ठेवायला हात उचलला. तो बापडा नकळत बाजूला सरला.

तेव्हापासून थेलासात कोणताही धर्माध्यक्ष आशीर्वादासाठी थेट हात उचलत नाही. आधी तो लोकांना विचारतो, "माझ्या हातचा चालेल ना?" आणि उत्तराची वाट पाहत उभा राहतो.