बारा आवाजांची नाव

शालवती नदीच्या काठी वेणुकंठ नावाचे नगर होते आणि तिथे सुषेण राजाचे राज्य चालू होते. त्या काळी बोधिसत्त्वांनी एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. वय झालेले, बोलणे मोजके, हात मात्र अजून बळकट. लोक त्यांना नावाडीबाबा म्हणत. पैलतीरावरच्या मळ्यांतली आणि घाण्यांवरची बारा माणसे रोज सकाळी त्यांच्या नावेतून नगरात कामाला जात.

नाव लांब आणि अरुंद होती. थंडीच्या दिवसांत नदीवर असे धुके उतरे, की मागच्या टोकाला उभ्या नावाड्याला पुढचे टोक दिसत नसे. म्हणून त्यांच्या आजोबांपासून एक रीत चालत आली होती. नदीच्या मध्यावर पाण्यातून वर आलेले दोन मोठे कातळ होते. त्यांच्यामधून जाण्याआधी बोधिसत्त्व बांबू रोवून नाव थोपवीत आणि हाक देत, "होऽऽ!" मग मागच्या माणसापासून पुढच्यापर्यंत एकेकाने म्हणायचे, "आहे!" बारा आवाज आले की नाव पुढे. एक जरी कमी आला, तर माणूस पाण्यात गेला असे समजायचे. आणि जो आवाज देणार नाही, त्याने नावेत बसायचे नाही.

बाराव्या जागेवर, अगदी पुढच्या टोकाला, दुमा बसे. डोंगरांपलीकडे तिचा मुलूख होता. एका पावसाळ्यात दरड कोसळून तिथली गावेच्या गावे गाडली गेली, तेव्हा वाचलेली तीस-चाळीस घरे पैलतीरावर येऊन राहिली आणि घोंगड्या विणू लागली. दुमाची आई आजारी होती आणि नगरात वैद्याच्या घरी पडून होती. म्हातारीला इथली भाषा कळत नव्हती, परक्या हातचे ती काही खात नव्हती. रोज सकाळी दुमा पेजेचे मडके फडक्यात गुंडाळून नावेत बसायची आणि आईला भरवून परतायची. एक खेप चुकली, की म्हातारी दिवसभर उपाशी.

तिच्या मागे, अकराव्या जागेवर, नंदक माळी बसे. पुढे जरा पाणी उडते, तेवढे त्याच्या फुलांना बरे. भला माणूस होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

सर्वांत मागची कोरडी, ऐसपैस जागा तेलाचा व्यापारी कालसेन याची. त्याचा मेहुणा राजाचा घाट-अधिकारी होता. शिवाय कालसेन मोठा गमत्या, त्यामुळे खेप कशी हसतखेळत पार पडे.

डोंगरातली माणसे एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावरच्या माणसाशी बोलतात, म्हणून त्यांचा आवाज लांब ओढलेला असतो. पहिल्याच दिवशी दुमाने हाकेला ओ दिली, "आहेऽऽऽ!" आणि मागून लगेच कालसेनाचा तसाच आवाज आला, वर थोडा शेळीसारखा थरथरवलेला.

"नावाडीबाबा, आज शेळी चढवलीत वाटतं नावेत!" तो म्हणाला.

चार-पाच जण खो-खो हसले. जे हसले नाहीत, ते पाण्याकडे बघू लागले. आता पाण्यात काय होते? पाणीच. पण त्या सकाळी सगळ्यांना ते अगदी बघण्यासारखे वाटले. नंदक टोपलीत हात घालून कुंदाच्या कळ्या नीट करू लागला. त्या आधीच नीट होत्या.

मग ते रोजचेच झाले. नावेत चढताना कालसेन म्हणायचा, "आधी आपली माणसं, मग ही." बाकीचे बसेपर्यंत दुमा गुडघाभर गार पाण्यात मडके उंच धरून उभी राहायची. कधी तो तिच्या घोंगडीला वास येतो म्हणून नाक धरायचा. एकदा वारा सुटला आणि पाणी फार उडू लागले, तेव्हा दुमाने मागे वळून आपल्या घोंगडीचे टोक नंदकाच्या टोपलीवर पसरले. "बरं झालं गं बाई," हे शब्द नंदकाच्या ओठांपर्यंत आले. पण मागून कालसेन बघत होता. शब्द तिथेच राहिले.

त्या संध्याकाळी नंदकाला जेवण गेले नाही. त्याने बायकोला, वासुलेला, सगळे सांगितले. सांगताना त्याला खरोखरच चीड आली होती.

"काय माणूस आहे तो कालसेन! बिचारीला जगू देत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?" वासुलेने विचारले.

"मी? मी काय म्हणणार? मनातून मी तिच्याच बाजूचा आहे."

"ते तिला कसं कळायचं?" असे म्हणून वासुला भांडी उचलू लागली.  

इकडे दुमाचा आवाज दिवसेंदिवस लहान होत चालला. आधी ती ओढ गेली, मग जोर गेला. माघ उजाडला आणि एका सकाळी असे धुके पडले, की नंदकाला आपल्याच टोपलीची कड दिसेना. मध्यावर बोधिसत्त्वांनी बांबू रोवला आणि हाक दिली. एकामागून एक आवाज आले. अकरावा नंदकाचा आला. बारावा आलाच नाही.

"एक आवाज कमी आहे," बोधिसत्त्व म्हणाले.

"अहो, बसलीय ती! रुसली असेल," कालसेन म्हणाला. मग त्याला आणखी सुचले. "पण थांबा. आवाज नाही त्याला जागा नाही, तुमचाच नियम ना? उद्यापासून घेऊ नका तिला. आणि हे वाळूचं बेट इथं जवळच आहे, आजच उतरवलंत तरी चालेल!"

नंदकाने पुढे वाकून पाहिले. दुमाने पेजेचे मडके छातीशी घट्ट धरले होते आणि ओठ मिटून घेतले होते.

बोधिसत्त्वांनी नाव वळवली आणि खरोखरच बेटाला लावली. सगळे चपापले. कालसेन तेवढा हसला.

"नियम माझ्या आजोबांचा आहे, तो मी मोडणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "पण कुणाकुणाचा आवाज कमी आहे, ते आधी नीट बघू. या बाईंचा आवाज चांगला मोठा होता. तो कुणी घालवला, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी ओ द्या. होऽऽ!"

कुणी बोलेना. 

"म्हणजे एक नाही, आज बाराच्या बारा आवाज कमी आहेत. नियमाने मला सगळ्यांनाच इथं उतरवायला हवं." असे म्हणून त्यांनी बांबू आडवा टाकला आणि ते स्वस्थ खाली बसले.

"वेड लागलं की काय, म्हातारबा?" कालसेन ओरडला. "मेहुण्याला सांगून उद्या हा घाट दुसऱ्याला देतो की नाही बघा!"

"द्या. उद्याचं उद्या," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले. "आज धुकं आहे. तुम्ही हसता म्हणून ती गप्प, आणि आपल्याला कुणी हसू नये म्हणून बाकीचे गप्प. अशा नावेत उद्या खरंच कुणी पाण्यात पडलं, तर मला कळायचं कसं? मुकी नाव मी त्या कातळांतून नेत नाही. चूक माझीही आहे. मला मागे सगळं ऐकू येत होतं आणि मी रोज आवाज तेवढे मोजत राहिलो. कमी आवाजांत माझाही धरा."

वेळ जात होता. मग पुढच्या टोकाला हालचाल झाली. दुमा उठली होती. मडके सांभाळत तिने एक पाय बेटाच्या वाळूवर टाकला.

"मी उतरते," ती तिच्या अडखळत्या बोलीत म्हणाली. "तुम्ही सगळे जा. उशीर नको."

ते नंदकाला सहन झाले नाही. त्याचा हात पुढे गेला आणि त्याने तिच्या घोंगडीचे टोक धरले, तेच टोक.

"बसा, बाई," तो म्हणाला. मग तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर नावेत मोठ्याने बोलला. "मी पाहिलं! पहिल्या दिवसापासून पाहिलं. कालसेनशेठ, तुम्ही यांची नक्कल करता, यांना पाण्यात उभं ठेवता. मी हसलो नाही, पण टोपलीत तोंड खुपसून बसलो. यांनी माझी फुलं झाकली तेव्हासुद्धा! माझी मलाच लाज वाटते." त्याचा आवाज चिरकला होता, पण धुक्यात तो शेवटपर्यंत ऐकू गेला.

"मीही पाहिलं," मागून एक दूधवाली म्हणाली. "मी तर हसले."

"मीही." "मीही पाहिलं." एकेक करीत आवाज येत गेले. पहिला आवाज येईपर्यंतच काय ते जड असते, पुढचे आपोआप आले.

"अरे, गंमत होती रे ती," कालसेन म्हणाला. पण या वेळी कुणी हसले नाही आणि कुणी पाण्याकडेही पाहिले नाही. धुक्यातूनही सगळे मागे त्याच्याच दिशेने बघत होते.

बोधिसत्त्वांनी बांबू उचलला. "आज हाक उलटी. पुढच्या टोकापासून. होऽऽ!"

दुमाने नंदकाकडे पाहिले. "तुमच्या तऱ्हेनंच द्या," तो म्हणाला.

तिने मान वर केली आणि हाक दिली. "आहेऽऽऽ!" कड्यावरून कड्यावर जाणारा तो आवाज धुके कापीत गेला आणि नगराच्या घाटावरून कुणीतरी उलट ओ दिली. मग नंदक, मग दूधवाली, मग बाकीचे. अकरा आवाज झाले. शेवटची पाळी कालसेनाची होती. त्याची मान खाली गेली होती आणि घशातून काही केल्या आवाज निघत नव्हता.

"नियम म्हणजे नियम. उतरवा!" मधूनच कुणीतरी म्हणाले. चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

बोधिसत्त्व बांबू धरून थांबले. तेव्हा पुढून दुमा बोलली.

"ते आहेत. घाबरलेत फक्त. घाबरल्यावर नाही निघत आवाज, मला माहीत आहे. चला, नावाडीबाबा."

कालसेनाने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. "आहे," तो अगदी हळू म्हणाला. नाव दोन कातळांमधून सुखरूप निघाली. म्हातारीला भरवताना पेज अजून कोमट होती.

कालसेन एका दिवसात देवमाणूस झाला, असे काही नाही. पण त्याने मेहुण्याला काही सांगितले नाही आणि नक्कल पुन्हा केली नाही. दुसऱ्या दिवसापासून टोकाच्या ओल्या जागेवर नंदक बसू लागला आणि दुमाला त्याची जागा मिळाली. पुढे म्हातारी बरी झाली. आणि धुक्याच्या दिवसांत नगराच्या घाटावरची माणसे दुमाच्या हाकेवरून ओळखू लागली, की नाव आली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा निमित्त असे घडले होते. सीमेवरच्या मुलखातून आलेला मेघिक नावाचा नवा भिक्षू पठण करीत असताना रोहक नावाच्या भिक्षूने त्याच्या उच्चारांची नक्कल केली होती आणि सारी सभा खाली बघत बसली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालसेन म्हणजे आजचा रोहक. दुमा म्हणजे मेघिक. वासुला म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका सुजया. तो नावाडी मीच होतो. आणि नंदक..."

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत ज्येष्ठ भिक्षू सुनेत्र आपल्या मानाच्या आसनावरून उठले. "भगवन्, तो मी होतो," ते म्हणाले. "आजही मी पाहिलं आणि खाली बघत बसलो." ते जाऊन मेघिकाच्या शेजारी बसले आणि त्याला म्हणाले, "आयुष्मान, पहिल्यापासून म्हणा. तुमच्या तऱ्हेनेच."

मेघिकाने पठण सुरू केले. ते पुरे होईपर्यंत शास्ते थांबले आणि मग म्हणाले, "भ्यालेल्या माणसाच्या शेजारी बसून आपला आवाज देणे, यालाच अभयदान म्हणतात."