पोटरीतली राजकन्या

एका राज्यात त्वरितसेन नावाचा राजा होता. नावाप्रमाणेच महाउतावळा! भात शिजला का हे पाहायला दहादा झाकण काढी आणि जन्मभर कच्चाच भात खाई.

एकदा तो लेक चंपावतीसह जोंधळ्याच्या रानातून चालला होता. ताटे पुरुषभर उंच, पेरापेराला एक पान, आणि सर्वांत वरच्या पानाच्या कुशीत फुगलेली पोटरी. तिच्यात कणीस झोपलेले. राजाला कुठला धीर! त्याने कट्यारीने पोटरी चिरली. आतले कोवळे कणीस जागच्या जागी सुकले.

रानाची मालकीण, जादूगारीण कणकाई, समोर उभी राहिली. "राजा, आता तुझी लेकच पोटरीत राहील."

चंपावती अंगठ्याएवढी झाली आणि रानात दिसेनाशी झाली. राज्यातले एकही कणीस त्या दिवसापासून बाहेर येईना.

राजा ढसाढसा रडला. बांधावरच्या चिमणीला त्याची दया आली.

"राजा, कामं तीन. लेकीचं ताट ओळख. त्याला हात लावू नकोस. शेवटचं फूल उमलेपर्यंत तिथून हलू नकोस."

"एवढंच?"

"तुला एवढंच जड जाईल."

राजा ताटाताटाला कान लावत फिरला. तिसऱ्या दिवशी एका पोटरीतून चंपावतीचे गुणगुणणे ऐकू आले. राजाने हात पाठीमागे बांधून घेतले आणि तिथेच बैठक मारली.

एका पहाटे पोटरी उकलली, कणीस वर आले. आणखी दोन दिवसांनी, तांबडे फुटण्याआधी, अगदी शेंड्याला पिवळी फुले उमलली. त्यांतून चंपावतीचे केस बाहेर आले. जोंधळा फुलतो तो वरून खाली, रोज थोडा. दुसऱ्या पहाटे डोळे आले, तिसऱ्या पहाटे हसू. पाचव्या पहाटे ती गुडघ्यांपर्यंत बाहेर होती. राजाला राहवेना. त्याने हात सोडवले.

"लेकी, ओढू का गं?"

"आबा, पाय राहिलेत माझे!"

राजाने हात पुन्हा पाठीमागे घेतले. ती रात्र त्याला युगासारखी गेली.

सहाव्या पहाटे तळाची फुले उमलली, पैंजण वाजले, आणि चंपावतीने खाली उडी घेतली ती पहिल्याएवढी होऊनच! रानभर पोटऱ्या उकलल्या. कणकाईसुद्धा हसली.

"आबा, चला लवकर, भूक लागलीय!"

"दमानं, लेकी," राजा म्हणाला. "भात अजून शिजत असेल."

जोंधळा शेंड्यापासून फुलत तळाशी आला, तशी ही गोष्टही तळाशी आली.