तिसरा पुकारा

फार फार पूर्वी, महाजनपदे एकमेकांच्या सीमा कुरतडत होती त्या काळी, नदीकाठी एक छोटे गणराज्य होते. तिथे राजा नव्हता. म्हणजे प्रत्येक घरातला कर्ता पुरुष स्वतःला राजाच म्हणवून घेई. राजे उदंड, प्रजा मात्र शोधावी लागे.

हे सगळे राजे सभागारात बसून कारभार करत. रीत अशी होती की ठराव तीनदा पुकारायचा. ज्याचा विरोध असेल त्याने बोलायचे. जो गप्प राहील त्याची संमती धरायची. मात्र तिसऱ्या पुकाऱ्यानंतर सभा निःशब्द हवी. शांतता मोडली, तर पुकारे पुन्हा पहिल्यापासून. बायकांना सभेत बोलायची मुभा नव्हती. पाणी द्यायला मात्र घरोघरच्या सुना पाळीपाळीने येत.

एके दिवशी पाळी अनुला नावाच्या सुनेची होती.

अनुलेच्या पडवीत एक विणकरीण राहत होती, दिवस भरत आलेली. पलीकडच्या बलाढ्य राजाने आपल्या विणकरांना कोंडून रात्रंदिवस मागावर जुंपले होते. त्यातली काही कुटुंबे नदी ओलांडून इकडे आश्रयाला आली होती. आता राजाचा दूत निरोप घेऊन आला होता: विणकर परत द्या, नाहीतर सैन्य येईल.

सकाळी अनुलेने सासऱ्यांना विचारले, सभेत काय सांगणार? ते म्हणाले, आधी मोठी माणसे बोलतात, मग आपण.

"तुमच्याहून मोठं आता उरलंय कोण, मामंजी?"

सासऱ्यांनी उपरणे सारखे केले आणि ते निघाले. विणकरीण दाराआडून ऐकत होती. ती आपली वळकटी बांधायला लागली.

सभा भरली. दूत ऐटीत बसला होता. पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने ठराव मांडला, विणकरांना परत पाठवावे. सगळे चिडीचूप. दुसरा पुकारा झाला. कुणी छताकडे पाहत होते, कुणी बोटातल्या अंगठीशी चाळा करत होते. तिसरा पुकारा झाला आणि अनुलेच्या हातून पाण्याचा घडा निसटला.

शांतता मोडली. म्हाताऱ्याने आठ्या घालत पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिसऱ्या पुकाऱ्याला दुसरा घडा गेला आणि दूताचे जोडे भिजले. सभेत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, सुनेच्या हातात बळच नाही. दुसरा म्हणाला, हल्लीच्या मुलींचे चित्त जागेवर नसते. अनुला मान खाली घालून खापऱ्या वेचत राहिली. आतून मात्र ती धुमसत होती. एवढे थोर बसलेत, आणि एवढ्यांत मिळून एक जीभ नाही?

पुन्हा पहिला पुकारा, पुन्हा दुसरा. आता घडे संपले होते. अनुला रिकाम्या हातांनी उभी राहिली आणि तिने सरळ सासऱ्यांकडे पाहिले. तिचा राग त्यांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी सोसला असता. पण तिचे डोळे भरले होते, आणि ही पोर रडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

तिसरा पुकारा झाला. सासरे खाकरले.

"हा खोकला आहे की मत?" म्हाताऱ्याने वैतागून विचारले.

सासरे उठून उभे राहिले. "मत आहे. ती बाई माझ्या दारात आली तेव्हा 'ये पोरी, आत ये' असं मीच म्हणालो होतो. त्याच तोंडाने तिला 'जा' म्हणणं मला जमणार नाही."

ते बसले. क्षणभराने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, मलाही नाही. मग डावीकडून, मग उजवीकडून. जो तो जणू दुसऱ्याचीच वाट पाहत होता. ठराव पडला. दूत ओल्या जोड्यांनी परत गेला.

पलीकडचा राजा सैन्य घेऊन आला खरा. पण नदीपलीकडून त्याला तटबंदीवर नगरातली माणसे आणि विणकर शेजारी शेजारी उभे दिसले. या नगरात फूट पडायची वाट बघत त्याने बरेच दिवस तळ दिला, आणि मग नदीला पाणी चढायच्या आत तो निघून गेला.

विणकरणीला मुलगी झाली. बारशाला सगळे वृद्ध राजे आले. त्यातले एक पाळण्यात डोकावून अनुलेला म्हणाले, "पोरी, खरं सांगतो, आमच्याही मनात पहिल्यापासून हेच होतं."

"मनात होतं ना, आजोबा? मग तोंडात काय होतं?"

"विडा," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते अनुलेचे सासरे.

तात्पर्य : आपण गप्प बसलो, तरी आपले मत गप्प बसत नाही; जो दरडावतो, त्याच्या पदरात ते जाऊन पडते.