बुडखा दळायचं यंत्र

"मग चकतीचं घेऊ, बाबा, की गिरमिटाचं?"

सिदूबाबा चुलीत फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घ्यायचंय?"

"यंत्र. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं. झाडाचा बुडखा दळून टाकतं."

"पीठ कुणाला पाहिजे?"

जयसिंग खराडे हसला नाही. तो द्राक्षं पिकवायचा, आणि गावात त्याच्याएवढी गोड द्राक्षं कुणाची नव्हती, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. टेकावरच्या या मठात तो अधूनमधून प्रश्न विचारायला येई. येताना उत्तर घेऊनच येई.

"गिरमिट वरून भोक पाडत खाली जातं," तो म्हणाला. "मोठ्या बुडख्याला दहा ठिकाणी लावा, तेव्हा कुठं तो फुटतो. चकती उभी फिरते, दात असतात तिला. डावीकडनं उजवीकडं सरकत थर थर खरवडत जाते. माझ्या मनात चकतीच आहे."

"मग घे."

"पण लांब हाताची. पलीकडच्या टोकापर्यंत पोचणारी."

"लांब कशाला?"

जयसिंग चुलीतली लाकडं पुढं सारू लागला.

बाबांनी चहाचं आधण ठेवलं.

बुडखा चिंचेचा होता. जयसिंगचं रान आणि त्याचा चुलतभाऊ बापूसो याचं रान, यांच्या बरोबर मधे. झाड उभं होतं तोवर दोघंही म्हणायचे, चिंच माझी. वादळात ते बापूसोच्या गोठ्यावर पडलं, आणि त्या दिवसापासून दोघंही म्हणू लागले, चिंच तुझी. गोठा कुणी बांधून द्यायचा यावरून बोलणं तुटलं, ते तुटलंच. फांद्या गेल्या, खोड गेलं. बुडखा तेवढा राहिला, बैलगाडीच्या चाकाहून रुंद.

आता जयसिंगच्या लेकीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं. मांडव त्याच रानात पडणार होता.

"माझ्या ट्रॅक्टरचं चाक त्याच्या रानात जाता कामा नये," जयसिंग अखेर म्हणाला. "इकडनंच उभं राहून सगळा बुडखा संपवायचा. म्हणून लांब हात."

"मिळतं तसलं?"

"मिळतं. पण त्याला पंच्याहत्तर एचपीचा ट्रॅक्टर लागतो. माझा पंचेचाळीसचा आहे."

"मग?"

"ट्रॅक्टर बदलतो."

बाबांनी चहात साखर टाकली. ढवळली. बराच वेळ ढवळली.

"बापूसोचं घर तुझ्या घरापासनं किती लांब?"

"मधे एक गोठा आहे. पडका."

"तेवढ्यासाठी पंच्याहत्तर घोडे?"

जयसिंगचे कान तांबडे झाले. "बाबा, तुम्हाला यंत्रातलं काही कळत नाही."

"नाही कळत," बाबा आनंदाने म्हणाले. "आणशील तेव्हा बोलाव. बघायला येतो."

*

जयसिंगने बोलावलं नाही. तालुक्याच्या दुकानातून त्याने लांब हाताचंच यंत्र एका दिवसापुरतं मागून आणलं. ट्रॅक्टर बदलायच्या आधी आपला जुनाच ओढतो का, हे त्याला बघायचं होतं. दुकानदार म्हणाला होता, नका नेऊ. म्हणून तर आणलं.

यंत्र मागं जोडलं. हायड्रोलिकने वर उचलायला दांडा ओढला.

यंत्र जागचं हललं नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र उचलली गेली.

जयसिंग सीटवर उताणा झाला. समोर नांगरट होती, तिथं आता आभाळ आलं. एक घार फिरत होती. ब्रेक दाबून उपयोग नव्हता, कारण ट्रॅक्टर कुठं जातच नव्हता.

पलीकडच्या रानात बापूसो भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. तो काही बोलला नाही. बोलणं बंदच होतं. पण त्याचा हात शेंगेवर थांबला, आणि तोंडात दाणा टाकायचा राहून गेला.

जयसिंगची बायको शालन घरातून धावत आली. "अहो, खाली या!"

"येतो. आधी हा येऊ दे."

दांडा सोडल्यावर चाकं धपकन खाली आली. जयसिंगने पुढं दगडांची पोती बांधून बघितली. मग चाकं उचलली गेली नाहीत. यंत्र उचललं गेलं, सुरू झालं, चकती बुडख्याला टेकली, आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद. पंचेचाळीस घोड्यांना जेवढं ओढवतं तेवढंच ओढवतं, हे बुडख्याने त्याला बरेचदा समजावून सांगितलं.

संध्याकाळी यंत्र परत गेलं.

दुसऱ्या खेपेला त्याने पंचेचाळिसाला झेपणारं, आखूड हाताचं यंत्र आणलं. घराकडे वळताना टेकाच्या पायथ्याशी सिदूबाबा हातात काठी घेऊन उभेच होते.

"बोलावलं नाहीस, म्हटलं विसरला असशील," बाबा म्हणाले, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले.

*

रानात पोचल्यावर बाबा उतरले. बुडख्याला एक प्रदक्षिणा घातली. मग त्यावर चढून बसले. एक पाय जयसिंगच्या रानाकडे, एक बापूसोच्या.

"बाबा, उतरा. सुरू करायचंय."

"उतरतो. कुठल्या बाजूला?"

"इकडं. माझ्याकडं."

पलीकडून बापूसो उठला. वयाने जयसिंगपेक्षा मोठा, अंगाने निम्मा. तो बाबांपाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, गरिबाकडं उतरा. सावलीला बाजलं टाकलंय."

"बाबा इकडंच उतरतील," जयसिंग हवेला उद्देशून म्हणाला.

"बाबा, त्याला सांगा, बाबा काय ट्रॅक्टर नाहीत. कुठंही उतरतील," बापूसो म्हणाला.

बाबा जयसिंगकडे वळले. "बापूसो म्हणतो, मी ट्रॅक्टर नाही."

"ऐकलं मी."

"त्यांना विचारा बाबा," जयसिंग पुढं म्हणाला, "त्यांच्या बाजल्यावर ढेकूण किती?"

बाबा दुसरीकडे वळले. "जयसिंग विचारतो, ढेकूण किती?"

"मलाही ऐकू येतं बाबा!"

"हां," बाबा म्हणाले. "म्हणजे दोघांचे कान ठीक आहेत."

ऊन चढलं. शालनने चहा आणला, तो बाबांनी बुडख्यावर बसूनच घेतला. पलीकडून बापूसोच्या बायकोने पोहे आणले, तेही घेतले. दोघी जावा बुडख्यापाशी समोरासमोर आल्या आणि आपापल्या भांड्यात बघत उभ्या राहिल्या…

"मांडवात हिला कुठं बसवणार?" बाबांनी पोह्यांच्या बशीतून वर न बघता शालनला विचारलं.

शालनने नवऱ्याकडे बघितलं.

जयसिंगने ट्रॅक्टरकडे बघितलं. मग तो तडक सीटवर चढला, इंजिन सुरू केलं आणि यंत्र फिरवायचा, पीटीओचा दांडा ओढला. यंत्र वर उचललेलं होतं. ट्रॅक्टरच्या पाठीतून यंत्रापर्यंत जाणारा लोखंडी शाफ्ट गरगर फिरू लागला, चकती सूं सूं करू लागली. आवाज एवढा की कुणाला काही विचारता येईना. जयसिंगला तेच हवं होतं.

नुसता आवाज करून बाबा उतरेनात, तेव्हा तो चिडून खाली उडी मारून मागं आला. शाफ्ट फिरतच होता. जयसिंगच्या खांद्यावर उपरणं होतं. नवं, जरीकाठी. बाबा येणार म्हणून नव्हे, रोजच असायचं. यंत्राचा एक बोल्ट बघायला तो वाकला, आणि उपरण्याचं टोक शाफ्टच्या दिशेने लोंबू लागलं.

"जया! उपरणं!"

बापूसो ओरडला होता. नुसता ओरडला नाही, रानातून धावत आला, जयसिंगला कमरेला धरून मागं ओढलं, आणि ट्रॅक्टरवर चढून इंजिन बंद केलं.

शाफ्ट हळूहळू थांबला. उपरणं जमिनीवर पडलं होतं.

बापूसो सीटवरूनच ओरडला. "चालू शाफ्टजवळ उपरणं घेऊन जातोस? क्षणात गुंडाळलं असतं तुला! पोरीचं लग्न आहे की नाही घरात?"

"माहितीय मला," जयसिंग म्हणाला. त्याने उपरणं उचललं.

"काय माहितीय? डोंबल?"

बाबा बुडख्यावरून बघत होते.

"बापूसो," ते म्हणाले, "हे मी त्याला सांगायचं होतं का?"

बापूसो ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

मग बाबांनी पाय हलवून बघितले. "दोन्ही पायांना मुंग्या आल्यात. आता मला कुठंच उतरता येत नाही."

एकाने एक बगल धरली, दुसऱ्याने दुसरी. बाबा दिसत होते त्यापेक्षा जड निघाले. एकाने सोडलं असतं तर ते दुसऱ्याच्या अंगावर पडले असते, म्हणून कुणीच सोडलं नाही. शेवटी शालनने बाजलं उचलून आणलं आणि सावलीत जिथं जागा दिसली तिथं टाकलं. रान कुणाचं, ते कुणी बघितलं नाही.

*

जयसिंगने उपरणं शालनकडे दिलं. सीटवर बसला, ट्रॅक्टर मागं घेतला.

"थांब," बापूसो म्हणाला. "आजोबांनी खोंड बांधायला कडी ठोकली होती. ती आत आहे. चकतीचे दात जातील."

"कडी पलीकडच्या अंगाला होती."

"ह्याच अंगाला. तू लहान होतास."

"मला चांगलं आठवतंय."

पहार आणली. दोघांनी बुंध्याभोवतीची माती आणि दगड उकरून काढले. कडी निघाली. ती ना ह्या अंगाला होती, ना त्या. दोन्ही रानांच्या अगदी मधे होती. झाडाने ती सालीखाली गिळून टाकली होती. दोघांनी घाम गाळून ती उपटली आणि मग थोडा वेळ, ती कुठं होती म्हणून कोण म्हणालं होतं, यावर बोलले.

मग दळण सुरू झालं.

पहिल्याच झटक्यात जयसिंगने चकती खोल दाबली. खाट्‌कन आवाज झाला. शाफ्टचा बोल्ट तुटला. तो तुटायलाच असतो, नाहीतर पुढचं सगळं तुटतं. दुसरा घातला.

"बोटभर बोटभर घे," बापूसो ओरडला. "घाई काय आहे?"

"बोटभरच घेत होतो."

"कुणाचं बोट?"

दुसऱ्या वेळी जयसिंगने खरंच बोटभर घेतलं. चकती डावीकडून उजवीकडे सरकली, लालसर भुसा उडाला. परत डावीकडे आली. थर उतरत गेला. चिंचेच्या लाकडाचा आंबूस वास रानभर पसरला. बापूसो लांब उभा राहून हाताने खुणा करत होता, आणि जयसिंग त्या खुणांकडे बघत नाही असं दाखवून त्याप्रमाणेच दांडा हलवत होता.

अर्धा बुडखा गेला. यंत्राचा हात संपला.

उरलेला अर्धा भिंतीसारखा उभा राहिला, बापूसोच्या रानात.

जयसिंगने इंजिन बंद केलं. सीटवरच बसून राहिला. त्याने टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

बाजल्यावर बाबांचे डोळे मिटलेले होते.

"दादा…" जयसिंग म्हणाला.

बापूसो खाली बघत होता. "पलीकडनं घे की ट्रॅक्टर. शेंगा काढून झाल्यात. ओल नाही, चाक रुतायचं नाही."

"तुझं रान दाबलं जाईल."

"नांगरून दे मग."

"देतो. गोठ्याचंही बघू."

"गोठ्याचं नंतर. आधी हे संपव. ऊन कलतंय."

ट्रॅक्टर वळसा घालून पलीकडे गेला. उरलेला अर्धा त्या बाजूने बोटभर बोटभर उतरला. जमिनीच्या खाली वीतभर खड्डा पडेपर्यंत जयसिंगने चकती फिरवली. मग दोघांनी खोऱ्याने भुसा बाजूला ओढला, खड्ड्यात माती लोटली, पायाने दाबली. भुशाचा अर्धा ढीग एकाच्या बागेला, अर्धा दुसऱ्याच्या. अर्धा म्हणजे किती, यावरून जरा आवाज चढले. शालन आणि तिची जाऊ तोवर बाजल्याच्या कडेला बसून पल्लवीच्या साड्यांचं बोलत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

रान सपाट झालं. मांडव कुठं पडेल ते जयसिंग हाताने दाखवू लागला. "हा एक खांब इथं. दुसरा…"

तो थांबला.

बापूसोही थांबला.

दोघं त्या सपाट मातीकडे बघत राहिले. मधला बांध दोघांनी दर नांगरटीला आपापल्या बाजूने थोडा थोडा कोरून केव्हाच संपवला होता. हद्दीची खूण म्हणून एक बुडखाच उरला होता…

जयसिंग चार पावलं इकडे चालला. बापूसो चार पावलं तिकडे. दोघं परत आले.

"बाबा!" जयसिंगने हाक मारली.

बाबांनी डोळे उघडले. उठून चपला पायात सरकवत होते.

"बाबा, घोटाळा झाला. आता माझी हद्द कुठपर्यंत, हे कसं कळायचं?"

बाबांनी काठी उचलली आणि तिचं टोक बापूसोकडे केलं.

"त्याला विचार."