राजाची आखूड बाही

एक होता राजा. सगळं होतं त्याच्याकडे, फक्त 'पुरे' म्हणणं तेवढं ठाऊक नव्हतं. ए, पाय आत घे पांघरुणात, मग सांगते.

तर एकदा काय झालं, राजाला हवा झाला कोशाच्या रेशमाचा अंगरखा. हे रेशीम जंगलात, ऐनाच्या झाडावर व्हायचं. तिथे पारबता म्हातारी अळ्या राखायची. अळ्या कशा? बोटभर लांब, हिरव्यागार, कडेनं पिवळी रेघ आणि अंगावर जांभळे, चंदेरी ठिपके. सोनारानं टिकल्या जडवाव्यात तशा! दिवसभर पानं खायच्या, कुरकुर कुरकुर. पारबता खाली उभी राहून कावळे हाकलायची. पोट भरलं की मग अळी स्वतःभोवती धागा गुंडाळायची आणि आत गुडुप. तोच कोसा. तो उकळला की धागा सुटतो, पण आतला जीव जातो, बरं का. म्हणून पारबता थोडे कोसे न उकळता त्यांची माळ आढ्याला टांगायची. ते पुढच्या सालाचं बियाणं.

त्या वर्षी कावळ्यांनी फार अळ्या खाल्ल्या. होते नव्हते ते कोसे अंगरख्यात गेले. माळेत उरले सात. आणि तिकडे अंगरख्याची एक बाही आखूड पडली!

मग आला शिपाई. "म्हातारे, माळ काढ."

"नाही जी. बियाणं आहे ते."

मग आला प्रधान. "नवं लुगडं घे, पण माळ दे."

"बियाणं उकळलं तर झाडावर काय सोडू जी? तुमचं लुगडं?"

मग राजाच आला, रागानं लालबुंद. राजानं हात वर केला आणि माळ ओढून काढली. गेलं बियाणं! पारबता मटकन खाली बसली.

तेवढ्यात राजाच्या हातात खुरखुरलं. एका कोशाचं टोक ओलं झालं, भोक पडलं, आणि बाहेर आलं एक पाखरू. ओलंचिंब, पंख चुरगळलेले. मग हळू… हळू… पंख उलगडले. राजाच्या पंजाहून मोठे, हळदीसारखे पिवळे! चार पंखांवर चार गोल खिडक्या. राजानं एकीतून पाहिलं, तर पलीकडची चूल दिसली! राजा रागवायचंच विसरला.

"याला मध द्या!" पाखरू हललं नाही.

"दूध द्या!" नाहीच.

"आंब्याचा रस आणा!" छे.

"म्हातारे, हे खात का नाही?"

"त्याले तोंडच नाही जी. लहानपणी खाल्लं, तेवढ्यावरच जगते. अंडी ठेवते अन् चार-आठ दिवसांत जाते."

"आणि मागत काहीच नाही?"

"नाही जी."

राजा एकदा माळेकडे, एकदा पाखराकडे पाहू लागला. हातावरचं पाखरू उडू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होता. मग त्यानं आपल्या हातानं माळ पुन्हा आढ्याला टांगली.

सातही पाखरं निघाली. अंडी झाली, अळ्या झाल्या, पुढच्या साली ऐन नुसता कुरकुरत होता. पारबता सुखात राहिली, राजाही राहिला. अंगरखा मात्र जन्मभर तसाच, एक बाही आखूड. कुणी विचारलं तर राजा हसून म्हणायचा, "ती ना? ती तिकडे झाडावर पानं खातेय."

पोटं भरलीत ना तुमची? मग घ्या पांघरूण गुंडाळून. व्हा गुडुप.