दहा पायांचा मर्द

मुलांनो, डोळे मिटा आणि एक तळं बघा. काठावर राज्य रानकोंबड्याचं, तुरेबाज महाराजांचं. एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं : "नरानं छाती काढून आरवावं. पिलं सांभाळताना दिसेल तो नर तळ्याबाहेर!"

ते ऐकताच कमळपक्षी दलपत आपल्या पिलांकडं धावला. त्याच्या जातीत अंडी बाबाच उबवतो. बायको केतकी पाणदिवड सापांना टोचून पळवायची, हद्द राखायची. चार पिलं घेऊन जायचं कुठं?

तेवढ्यात तपासनीस बगळा आला. धोका दिसला की दलपत जे करायचा तेच त्यानं केलं. पिलं पंखांखाली घेतली नि ताठ उभा राहिला. पिलं झाकली, पण त्यांचे लांबुडके पाय खाली लोंबत राहिले.

बगळ्यानं एका पायावर उभं राहून मोजलं. "दहा पाय! अरे, महाराजांनासुद्धा दोनच!"

"घराण्यातच आहे, साहेब," दलपत पुटपुटला.

जितके जास्त पाय तितका मोठा मर्द, अशी बातमी बगळ्यानं दरबारात नेली. दुसऱ्या दिवशी दरबारातले झाडून सगळे नर पंखांखाली पिलं घेऊन हजर. महाराजांना स्वतःची पिलं ओळखता येईनात, म्हणून त्यांनी दलपतचं एक पिलू, ठकू, मागवलं. मोकळ्या झालेल्या कोंबड्या सभेत जाऊन बसल्या, त्यांनी कोठार उघडलं, आणि पलीकडच्या काठाला प्रथमच दाणे पोचले.

इकडे महाराजांचं भाषण रंगलं. "बंधूंनो, या तळ्याचा बाप मीच!"

"महाराज, मला शी झाली," पंखाखालून ठकू म्हणाली.

"हे खातं कुणाकडं?" महाराज गरजले. मंत्र्यांनी कोंबड्यांकडं पाहिलं.

"आमचं कामकाज चालू आहे," कोंबड्या म्हणाल्या.

महाराजांनी नऊ नरांची समिती नेमली. दलपतला राहवेना. "इकडं ये गं, ठके."

"म्हणजे पिलं तू सांभाळतोस?" बगळा ओरडला. दरबारात प्रत्येकानं हळूच आपापले जादा पाय पाहिले.

फर्मान रद्द करायचा ठराव सभेत आला. बाजूनं असतील त्यांनी पाय वर करायचा होता. बाबाकडून स्वच्छ होऊन ठकू तडक तिथं गेली आणि तिनं पाय वर केला.

"हा कुणाच्या नावावर धरायचा?" बगळ्यानं विचारलं.

"माझ्या!" ठकू म्हणाली, आणि उत्साहात दुसराही पाय वर करून धपकन आपटली.

बगळ्यानं दोन मतं धरली. मोजणीचा त्याला दांडगा अनुभव होता.