मिलिमीटरभर झीज

घाटमाथ्यावरच्या याकूब मिस्त्रीचं त्या दिवशी कामात मन नव्हतं. ब्रेकची डिस्क तडकून दरीत गेलेली जीप गेल्याच महिन्यात त्यानं वर ओढली होती, आणि आज शाळेची गाडी तशाच झिजलेल्या ब्रेकनं दारात उभी होती. सतरा पोरं घेऊन ती रोज घाट उतरायची.

शाळेचे चेअरमन नरसिंगराव घोलप जातीनं आले. म्हणजे आधी पोट आलं, मागाहून ते.

“नवी डिस्क कशाला रे? चरे पडलेत, लेथवर घासून गुळगुळीत कर!”

“जाड असती तर घासलीच असती, साहेब. बावीस मिलिमीटरच्या खाली नको, असं डिस्कवरच कोरलंय. ही सव्वाबावीस भरते. चरे जाईस्तोवर एकवीस होईल, मग तापली की तडकेल.”

“एका मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय? घास, नाहीतर दुसरीकडे नेतो!”

दुसरीकडचा गुमान घासून देणार, हे याकूबला ठाऊक होतं. चेअरमन गॅरेजातल्या खड्ड्यावर टाकलेल्या जुन्या फळीवर उभे होते. याकूबनं रंधा उचलला, त्यांच्या पायाशी बसला आणि फळी तासायला लागला.

“अरे, हे काय?”

“खडबडीत झालीय. गुळगुळीत करतो. तुम्ही उभे राहा.”

“पातळ होऊन मोडेल ना, गाढवा!” चेअरमननी अशी उडी मारली, की टोपी खड्ड्यात गेली.

“एका मिलिमीटरनं?” याकूब हसला मात्र नाही. “साहेब, या फळीखाली चार फूट खड्डा आहे. त्या डिस्कखाली अख्खा घाट आहे.”

चेअरमननी गाडीत डोकावलं. सीटवर कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती.

“पुढच्या दोन्ही चाकांच्या नव्या टाक,” ते हळूच म्हणाले.